हँडगियरचा कौल

सगळा दोष काळूनानांचा. हे आधीच सांगून ठेवतो, कारण आमच्या घरात शेवटी दोष कोणावर टाकायचा ते चहाच्या वेळी ठरतं, आणि त्या वेळी मी सहसा झोपलेला असतो.

काळूनाना म्हणजे माझ्या आप्पांचे थोरले भाऊ. करंजाड्यात आमचं जे काही आहे त्याचे ते मालक: तीन मजल्यांचं घर, खाली रस्त्याला तोंड करून एक गाळा, आणि गाळ्यासमोरच्या अंगणात उभी असलेली, दुधाळ चहाच्या रंगाची एक जुनी प्रीमियर पद्मिनी. जमिनीचे पैसे आले तेव्हा नानांनी घेतलेली. गावातली पहिली गाडी. (गावातली पहिली गाडी असण्याचा तोटा असा, की बाकी सगळ्यांच्या गाड्या नंतरच्या असतात आणि चालतात.)

आमच्या घरातली प्रत्येक मुलगी सासरी जाताना ह्याच गाडीतून गेली. नाना चालवणार, मागे नवरा-नवरी, आणि पुढे नानांच्या शेजारी, मधोमध, हौसाआत्या. ही मधली जागा नीट समजून घ्या, कारण पुढचं रामायण तिच्यावरच बसलेलं आहे. पद्मिनीची पुढची सीट सोफ्यासारखी सलग असते आणि गियर स्टिअरिंगच्या दांड्यावर, हाताशी. त्याला म्हणायचं हँडगियर. खाली दोन सीटच्या मधे गियरचा खुंटा नसतो, म्हणून तिथे एक माणूस बसू शकतो. आत्या एक माणूस नाही, सव्वा आहे, पण बसते. समोरच्या काचेतून गावाला ती नवरीपेक्षा जास्त दिसते. स्वतःच्या लग्नात बैलगाडीतून गेली होती बिचारी. तेव्हापासून प्रत्येक पाठवणीत ती त्याची भरपाई करून घेते.

तर माझी बहीण हेतल हिचं लग्न ठरलं, उलव्याच्या देवेशशी, आणि त्याच आठवड्यात पद्मिनीचा गियरबॉक्स मेला. अंगणातच. नाना तिला आठवड्यातून एकदा सुरू करून पुढे-मागे हलवायचे, तर एके सकाळी आतून कोणीतरी लोखंडी खलबत्त्यात खडी कुटावी तसा आवाज आला. नाना खाली उतरले आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "इंजिनीर झाला असतास तर आज उपेग झाला असता."

मी मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला कॉलेज सोडलं. त्याचं दुःख मला नाही, आमच्या घरात बाकी सगळ्यांनी ते वाटून घेतलंय. तीन वर्षांत मी गियरबॉक्स फक्त फळ्यावर बघितला, तोही सरांच्या डोक्यामागून. खरा गियरबॉक्स पहिल्यांदा हातात घेतला तो तौसीफच्या शेडमध्ये. तौसीफ पनवेलचा, माझा दोस्त, जुन्या गाड्यांचे भाग जमवतो आणि विकतो. आमचं स्वप्न एकच: नानांच्या गाळ्यात जुन्या गाड्यांचं गॅरेज. आणि नानांचं स्वप्न: गाळा केकच्या दुकानाला भाड्याने द्यायचा. जास्मीन नावाची एक बाई दोनदा येऊन गाळा बघून गेली होती. तिचा भलामोठा फ्रीज आत नेता यावा म्हणून नानांनी पायरी फोडून सिमेंटचा उतारसुद्धा करून घेतला होता.

मी म्हणालो, "नाना, गियरबॉक्स मी बदलतो. गाडी पाठवणीला चालली तर गाळा मला द्या."

नाना हसले. नंतर घरात सगळे बघतायत म्हटल्यावर (नानांना प्रेक्षक मिळाले की ते शब्द देऊन बसतात) म्हणाले, "दिला. हेतल धडपणे सासरी गेली तर गाळा तुला. नाय गेली तर केक."

इथवर सगळं सोपं होतं. तौसीफच्या शेडमध्ये दोन गियरबॉक्स होते. एक जुना, हँडगियरचा, एका मेलेल्या टॅक्सीतून काढलेला. दुसरा नंतरच्या गाडीचा, खालच्या गियरचा, म्हणजे दोन सीटच्या मधे खुंटा येणारा. दुसरा जवळजवळ कोरा. मला दुसरा पाहिजे होता. अक्कल असलेल्या कुठल्याही माणसाला दुसराच पाहिजे असता. मी जेवताना सहज सांगितलं.

आत्याने ताट सरकवलं.

"खुंटा मधी येनार?"

"हो आत्या. पण गियर लोण्यासारखे पडतील."

"आनि मी कुटं बसनार? खुंट्यावर?"

हेतल फस्सकन हसली. आत्या तिच्याकडे वळली. "हस. तुजी पाठवनी हाय म्हून हसतेस. सात पोरी मी ह्या गाडीतनं पोचवल्या, एकीचा पन संसार मोडला नाय."

"आत्या, त्याचा गियरशी काय संबंध?" मी विचारलं.

"मोडला का? नाय ना? मग हाय संबंद."

नाना आत्याच्या बाजूचे, कारण ती त्यांची बहीण आणि तिच्या नावावर दीड गुंठा आहे. हेतल माझ्या बाजूची. आप्पा कोणाच्याच बाजूचे नाहीत. आप्पा, म्हणजे काशीराम, न्हावा-शेव्याला कंटेनरच्या क्रेनवर असतात. दिवसभर उंचावर एकटे बसतात आणि घरी आल्यावरही तिथेच असतात. तीन दिवस घरात दुसरा विषय नाही. लग्नपत्रिकेवर कोणाचं नाव वर, हे भांडणसुद्धा मागे पडलं. शेवटी नाना म्हणाले, "कौल लावू."

बाहेरच्यांसाठी सांगतो. आमच्या गावात एखादी गोष्ट ठरत नसली की गावदेवीला विचारतात. भगत देवीच्या दोन्ही खांद्यांवर एकेक ओली कळी चिकटवतो, प्रश्न मोठ्याने विचारतो, आणि सगळे श्वास रोखून बसतात. जी कळी आधी पडेल ते उत्तर. ह्या पद्धतीने आमच्या गावाने पाण्याची टाकी कुठे बांधायची ते ठरवलंय, सरपंच ठरवलाय, आणि टाकी गळते, सरपंचही. पण गियरबॉक्स विचारायची ही पहिलीच वेळ. भगवान भगत म्हणाला, "देवीला गियर कळंल का?" तर नाना म्हणाले, "न कळायला काय झालं, कॉलेजात थोडीच गेलीय."

सगळे देवळात बसलो. नानांनी हात जोडून खणखणीत आवाजात विचारलं, "आई, उजवी कळी पडली तर हँडगियर, डावी पडली तर खालचा."

वेळ गेला. एक माशी येऊन गेली. आत्या पुटपुटत होती. मग आमच्या उजव्या हाताची कळी घरंगळली आणि टप्पकन खाली पडली.

"उजवी!" आत्या ओरडली. "हँडगियर!"

मी नास्तिक वगैरे नाही, पण मला वाद जिंकायला आवडतो. मी म्हणालो, "थांबा. देवी आपल्याकडे तोंड करून बसलीय. आपला उजवा तो तिचा डावा. देवीच्या डाव्या खांद्यावरची कळी पडली. म्हणजे खालचा गियर."

सगळे भगताकडे बघायला लागले. भगवान भगताने डोकं खाजवलं. स्वतः देवीकडे पाठ करून उभा राहिला, आपला उजवा हात वर केला, मान वळवून खांदा बघितला, आणि म्हणाला, "पोरगा बोलतो ते खरं हाय. कौल देवीचा, तर उजवा पन देवीचाच धराया पायजे."

जिंकलो! आयुष्यात पहिल्यांदा ह्या घरात मी काहीतरी जिंकलो. नानांचं तोंड तर असं झालं होतं की फोटो काढून गाळ्यात लावावा.

तेवढ्यात मागून मालूकाकी बोलली. काकी म्हणजे नानांची बायको. ती वर्षातून चार-पाच वाक्यं बोलते, त्यामुळे सगळे वळले.

"आनि माजं ठरवलं तवा कुनाचा उजवा धरला होता?"

नाना म्हणाले, "क... काय?"

"तुमच्या आईनं दोन पोरींचा कौल लावलेला. उजवी मी. डावी ती जासईची, पोळ्या लाटायची ती. कळी पडली नि तुमी वरात घेऊन माज्या दारी आलात. तवा उजवा देवीचा धरला, का आपला?"

मी तुम्हाला काय सांगू. देवळात घंटेचा लोलकसुद्धा हलायचा थांबला. नानांच्या चेहऱ्यावरून पंचेचाळीस वर्षांचा संसार सरकत गेलेला मी डोळ्यांनी बघितला. तीन मुलं, सात नातवंडं, आणि त्या सगळ्यांच्या मागे जासईची ती बाई, हातात लाटणं.

"बगनाऱ्याचा!" नाना ओरडले. "बगनाऱ्याचाच उजवा! आपल्या गावात पयल्यापासून बगनाऱ्याचा उजवा धरतात! ए भगवान, सांग की!"

भगवानाने काकीकडे बघितलं. मग नानांकडे. मग घाईघाईने देवीकडे तोंड केलं. "व्हय. बगनाऱ्याचा."

"मग ठीक," काकी म्हणाली आणि पदर सारखा केला.

एक लग्न वाचवण्यासाठी माझा गियरबॉक्स गेला.

टॅक्सीतला हँडगियरचा डबा तौसीफने टेम्पोतून आणला. त्याला कौलाची हकिकत सांगितली तर तो पोट धरून अंगणात बसला. "भाई, तुमच्याकडे क्लचप्लेट बदलायला काय, बोकड कापतात?"

"हस. तुझ्या अब्बांनी फ्रिजचा रंग ठरवायला सगळी जमात गोळा केली होती."

"ते वेगळं. फ्रीज रोज दिसतो."

ह्या म्हाताऱ्यांची मला खरंच कीव येते. बसलेत आपले, उजवा कोणाचा आणि डावा कोणाचा. साधी गोष्ट आहे, कुठून बघतोय ते आधी ठरवायचं. हे मी तौसीफला गाडीखाली झोपल्या झोपल्या बराच वेळ समजावून सांगितलं, आणि तोही गाडीखाली झोपल्या झोपल्या "सही बात है" म्हणत होता.

गियरबॉक्स बसला. स्टिअरिंगपासून येणाऱ्या दांड्या जोडल्या. डब्याच्या बाजूला बोटाएवढा लोखंडी हात असतो, जो आत कुठला गियर धरायचा ते निवडतो. तो जुन्या डब्यावर कसा होता त्याचा फोटो मी आधीच मोबाइलवर काढून ठेवला होता. (इंजिनीअर नसलो तरी पद्धत आहे.) फोटोत तो उजवीकडे झुकलेला होता. मीही उजवीकडे झुकवून आवळला.

आता फक्त एक चक्कर मारून बघायची. तर नाना आडवे.

"चाक हलवायचं नाय. नवा गियर म्हनजे गाडी नवी. नव्या गाडीचं चाक नारळ फुटल्याबिगर जमिनीवर फिरत नाय. आनि पयला गियर मी टाकनार, मानाचा."

"नाना, टेस्ट केल्याशिवाय नवरी बसवणार?"

"आमी काय टेस्ट करून लग्नं केली?"

मग तौसीफने तोडगा काढला. मागचा भाग जॅकवर उचलायचा. चाक जमिनीला लागतच नाही. नानांनी भगवानाला फोन केला. भगवान म्हणाला, हवेतलं चाक हे चाक नव्हे. परवानगी मिळाली.

मी आत बसून पहिला टाकला. "फिरतंय का?"

"फिरतंय!" तौसीफ मागून ओरडला.

दुसरा. "फिरतंय?"

"मस्त!"

तिसरा, चौथा, रिव्हर्स. सगळ्यांत फिरतंय. मी उतरलो, तौसीफला मिठी मारली. कुठल्या दिशेला फिरतंय हे मी विचारलं नाही आणि त्याने सांगितलं नाही. दोघंही समाधानी होतो.

पाठवणीचा दिवस. गाडी झेंडूने मढलेली, गाळ्याकडे पाठ आणि रस्त्याकडे तोंड करून उभी. गाळ्याचं शटर वर, कारण जास्मीनने, भाडेकरार पक्का व्हावा म्हणून असेल, पाच मजली पांढरा केक भेट पाठवला होता आणि तो आत टेबलावर ठेवला होता. स्वतः शेजारी उभी राहून लोकांना कार्डं वाटत होती. नाना मला ऐकू जाईल अशा आवाजात तिला म्हणाले, "पुढच्या महिन्यात हितं तुमचाच बोर्ड."

काकीने पुढच्या चाकांपुढे दोन-दोन अशी चार लिंबं ठेवली. नारळ फुटला. हेतल रडत रडत मागे बसली, देवेश बसला. आत्या पुढे, मधल्या जागेवर, नवी पैठणी, खांद्यावर पदर असा पसरलेला की नानांना डावा आरसा दिसत नव्हता. बेंजोवाल्यांनी ठेका धरला. मी बाजूला हाताची घडी घालून उभा. ऑपरेशन करून बाहेर आलेला डॉक्टर उभा राहतो तसा.

नानांनी गर्दीकडे बघून मिशीवरून हात फिरवला. मानाचा पहिला गियर टाकला. क्लच सोडला.

पद्मिनी मागे गेली.

थोडीशीच. गर्दीला वाटलं, उडी मारण्याआधी पाय मागे घेतात तसं असेल. नानांनी जोर कमी पडला असं समजून ॲक्सिलरेटर आणखी दाबला. गाडीने त्यांच्याच सिमेंटच्या उतारावर मागचे पाय टेकवले, बेंजोसकट सगळ्यांच्या देखत सुरेख चढून गेली, आणि गाळ्यात शिरली. जास्मीन "या अल्ला" म्हणत बाजूला सरकली. केक सरकला नाही.

भिंतीच्या वीतभर अलीकडे गाडी बंद पडली. बेंजो बंद पडला. गाळ्यातून आत्याचा आवाज आला, "पोचलो का?"

नाना खिडकीतून डोकं बाहेर काढून गरजले, "हृतिक्या! कुनी बसवलाय गियर?" आणि माझ्या उत्तराची वाट न बघता परत सुरू करून, परत पहिला टाकून, उरलेली वीत संपवली. मागचा बंपर भिंतीला टेकला. मधे केकचे खालचे दोन मजले होते, म्हणून बंपरला ओरखडासुद्धा नाही.

तौसीफ माझ्या कानाशी आला. "भाई. आपण खाली झोपलो होतो ते डोकं कुठल्या बाजूला?"

"डिक्कीकडे."

"आणि फोटो कुठून काढलेला?"

मी फोटो उघडला नाही. गरजच नव्हती. फोटो बोनेटच्या बाजूने काढला होता. फोटोतला उजवा आणि माझा उजवा, दोघं एकमेकांकडे तोंड करून बसले होते. तो बोटाएवढा हात मी उलटा आवळला होता, म्हणून पहिल्याच्या जागी रिव्हर्स पडत होता आणि रिव्हर्सच्या जागी पहिला. गाळा गेला. बोर्डसुद्धा रंगवायला टाकला होता मी.

मी खरं सांगायला तोंड उघडलं, आणि भगवान भगत पुढे सरसावला. उतारापाशी उकिडवा बसून त्याने जमिनीवर बोट दाखवलं.

"लिंबं बगा."

सगळ्यांनी बघितली. चारही लिंबं जशीच्या तशी. एकही फुटलेलं नाही.

"गाडी पुढं जायाला तयार नाय," भगवान म्हणाला. "दोनदा पयला टाकला, दोनदा मागं गेली. तिला गाळा पायजे. देवळात तुमी उजवा-डावा करून देवीला गप केलंत. आता देवीनं पुढं-मागं करून सांगितलं. हा कौल हाय."

नाना गाडीतून उतरले. एका पायाला क्रीम. "अरे कौल कसला, ह्या गाढवानं..."

"अवो," मालूकाकी म्हणाली. वर्षातलं आणखी एक वाक्य येत होतं. "देवी बोलली. का आता पन उजवा कुनाचा ते काढायचं?"

नानांनी तिच्याकडे बघितलं. जासई आठवली असावी. "नाय," ते म्हणाले. "गाळा गाडीचा."

जास्मीनने ओढणीवरचं क्रीम पुसलं. "नाना, राग नाही, पण ज्या दुकानात गाड्या घुसतात तिथे मी केक ठेवणार नाही. उलव्याला एक जागा बघितलीय मी." भली बाई. आता उलव्यात तिचं जोरात चालतं. (केक उत्तम होता. बंपरवरचा खाऊन सांगतोय.)

पण हेतल अजून गाळ्यातच होती. नानांचा हात चाळीस वर्षं एकाच जागी पहिला शोधणारा. त्यांना जमणं शक्य नव्हतं. मी म्हणालो, "सरका, मी नेतो." आणि रिव्हर्सच्या जागी गियर टाकला. पद्मिनी उतारावरून राणीसारखी खाली आली. चार लिंबं चटाचट फुटली. बेंजो सुरू झाला. भगवानाने हात जोडले. नाना खिडकीपाशी बसले, आत्या मधे, आणि वाटेत कंटेनरचे ट्रेलर कचाकचा हॉर्न मारत असताना आत्या त्या ड्रायव्हरांना हात हलवून दाखवत होती. मागून हेतल हळूच म्हणाली, "हृत्या, तू मुद्दाम केलंस?" मी म्हणालो, "तू रड. रडायचं असतं आता." ती रडायच्या ऐवजी उलव्यापर्यंत हसत होती, आणि देवेशला वाटलं आपण चांगल्या घरात लग्न केलं. ते बरोबरच आहे.

गॅरेज सुरू झालं. तौसीफ आणि मी. धंदा बरा चालतो, पावसाळ्यात तर उत्तम. दुसऱ्याच दिवशी मी पाना घेऊन तो हात सरळ करायला गाडीखाली शिरलो, तर नाना धावत आले.

"हात लावायचा नाय! देवीनं दिलेला गियर हाय."

त्यांना खरं सांगावं तर गाळा जातो. न सांगावं तर गाडी अशीच. म्हणजे माझ्या आयुष्यातलं पहिलं मोठं मेकॅनिकल काम, आणि श्रेय देवीला. आता गावातल्या प्रत्येक घराला पाठवणीला हीच गाडी पाहिजे, आणि ती अशी उलटी चालवता येते एकट्या मला. लग्नसराईत एक रविवार माझा नाही. गाडीबरोबर आत्याही जाते, न बोलावता, मधल्या जागेवर. लोकांना वाटतं तीसुद्धा कौलातच आली.

परवा घरात माझ्या लग्नाचा विषय निघाला. मी विचारलं, माझ्या वरातीत गाडी कोण चालवणार?

"तूच," आत्या म्हणाली. "दुसऱ्या कुनाला येते? मी तुज्या बाजूला हायच."

"आणि नवरी?"

"ती बसंल मागं. नाना हायत सोबतीला."

तो गियरबॉक्स मला केवढ्याला पडला म्हणाल, तर माझ्याच वरातीतल्या मागच्या सीटला.